तिसरीच्या वर्गात या आठवड्यात नक्की काय शिकवलं? (साप्ताहिक निरोप वाचायचा कसा?)

तिसरी_ब
शाळांच्या पालक-गटांवर दर सोमवारी एक निरोप येतो. नमुना असा:

"या आठवड्यात – गणित: हातच्याची वजाबाकी. मराठी: जोडाक्षरे (र). परिसर अभ्यास: पाऊस. पाढे: ६ व ७. पालकांनी सराव घ्यावा."

आता यातून घरी काय करायचं? 'वजाबाकी' हा एका आठवड्यात संपणारा विषय आहे का? 'सराव' म्हणजे वीस उदाहरणं घालायची की पाच? वर्गात ज्या पद्धतीने शिकवतात त्याच पद्धतीने घ्यायचं की आपल्या? इथे बरेच शिक्षक आहेत, म्हणून विचारते. मराठी माध्यम, राज्य मंडळ, तिसरी धरून चला. दुसरीचंही चालेल.

खडूफळा
निरोपात 'वजाबाकी' हा एकच शब्द असला तरी टाचणात (शिक्षकाच्या रोजच्या पाठ-नियोजनात) त्याचे निदान पाच तुकडे असतात. शाळेगणिक थोडं पुढेमागे होतं, पण एका आठवड्याची चाल साधारण अशी:

सोमवारी फक्त काड्या. वहीला हात लावायचा नाही. ५३ म्हणजे ५ गठ्ठे ३ सुट्या. २७ काढायचे. ३ सुट्यांतून ७ निघत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. आता ४ गठ्ठे १३ सुट्या, पण काड्या अजून ५३च आहेत. इथे थांबून मुलांना पुन्हा मोजायला लावायचं. 'गठ्ठा सोडला तरी संख्या तीच राहिली' हे पटलं नाही तर पुढचा आठवडा वाया.

मंगळवारी काड्या आणि फळ्यावरची उभी मांडणी शेजारी-शेजारी. काडीवर जे केलं तेच लगेच आकड्यात. बुधवारी काड्या बाजूला, चित्रं काढायची: उभी रेघ म्हणजे दशक, ठिपका म्हणजे एकक. रेघ खोडली की दहा ठिपके. गुरुवारी नुसते आकडे, पण सहाच उदाहरणं, आणि त्यात दोन अशी की जिथे दशक सोडावाच लागत नाही. शुक्रवारी एककात शून्य असलेली: ६० – २४. शनिवारी शाब्दिक उदाहरणं आणि बेरजेने पडताळा.

घरी करायचं एवढंच: दहा उदाहरणं लिहून द्या आणि सोडवायला सांगू नका. फक्त विचारा, 'यातल्या कुठल्या-कुठल्यात गठ्ठा सोडावा लागेल?' टिकमार्क करायला लावा. पाच मिनिटांचं काम. ज्या मुलाला हे ओळखता येतं त्याची अर्धी वजाबाकी झाली. जे मूल प्रत्येक उदाहरणात दशक खोडून १ घेत सुटतं, त्याने कृती पाठ केलेली असते, कारण कळलेलं नसतं.

चिंचोका
काड्यांचा हिशोब देऊन ठेवतो. ९९ पर्यंतच्या संख्यांना ९ गठ्ठे आणि ९ सुट्या, म्हणजे ९९ काड्या एका संचात. ३२ मुलं, चौघांचा गट, आठ संच: ७९२. खराट्याचे हीर एका लांबीचे कापले की फुकटात होतं. आइसक्रीमच्या काड्या दिसायला छान, पण दहांचा गठ्ठा जाड होतो आणि रबर निसटतं.

घरी चिंचोके वापरू नका (आयडीवर जाऊ नका). चिंचोक्यांचा गठ्ठा बांधता येत नाही. दहाची पुडी केली तर आतले दहा दिसत नाहीत. वजाबाकीत गठ्ठा डोळ्यांदेखत सुटला पाहिजे.

खेळण्यातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी हा त्यानंतरचा टप्पा. काडीत गठ्ठा *सुटतो*, नोटेत दहाची नोट देऊन दहा सुटे *घ्यावे* लागतात. ही देवघेव मुलांना दुकानात पाहून माहीत असते, पण दहा नाणी त्या नोटेच्या आत नसतात, म्हणून पायरी वेगळी. पहिल्याच दिवशी नोटा दिल्या तर मूल नोट स्वतःकडे ठेवून वर सुटेही घेतं. व्यवहारचातुर्य उत्तम, गणित चुकलं.

आणि एक: मुलाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात की तुमच्या डावीकडचे दशक त्याच्या उजवीकडे जातात.

सह्यकडा
खडूफळा, टाचण सुंदर आहे. पण त्यात सुट्टी नाही, कुठलं सर्वेक्षण नाही, पोषण आहाराच्या नोंदी नाहीत. असा सलग सहा दिवसांचा आठवडा वर्षात किती वेळा मिळतो?

गणितापुरता आक्षेप शुक्रवारवर. एककातलं शून्य पाचव्या दिवशी घेणं म्हणजे घाई. ६० – २४ मध्ये तीन वेगवेगळी चुकीची उत्तरं येतात. ४४ (शून्य लहान, म्हणून ४ मधून ० घालवलं), ४० ('शून्यातून काही जात नाही' म्हणून शून्य तसंच), ४६ (दशक सोडला पण ६ चे ५ केले नाहीत). तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. त्याला स्वतंत्र दोन दिवस द्या, तेही पुढच्या आठवड्यात.

दशक_सुट्टे
चुकीच्या उत्तरांवरून कारण ओळखायचं तर उदाहरण निवडताना काळजी घ्यावी लागते. बहुतेक सरावपत्रिकांमध्ये ५२ – २७ सारखं उदाहरण सापडतं. बरोबर उत्तर २५. आता पाहा:

– मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान घालवतं: ७ – २ = ५, ५ – २ = ३. उत्तर ३५.
– मूल दशक सोडतं पण कमी करायला विसरतं: १२ – ७ = ५, ५ – २ = ३. उत्तर ३५.

दोन्ही चुकांचं उत्तर एकच! पहिल्या मुलाला काड्यांवर परत न्यायचं आहे, दुसऱ्याला फक्त खोडून ४ लिहायची सवय लावायची आहे, आणि वहीत दोघांचं ३५. एककांमधला फरक ५ असला की हे होतं, कारण दहातून पाच गेले तरी पाचच उरतात. म्हणून तपासायला ५३ – २७ द्या. बरोबर २६. पहिली चूक ३४, दुसरी ३६. ८० आलं तर चिन्हच पाहिलेलं नाही. १६ आलं तर घरी आजोबा शिकवतात.

मागचा_बाक
आजोबा मध्येच कुठून आले?

दशक_सुट्टे
जुनी रीत आठवा. '३ मधून ७ जात नाहीत. १३ मधून ७ गेले, ६. हातचा एक. २ आणि हातचा १, ३. ५ मधून ३ गेले, २.' म्हणजे वर दहा वाढवायचे आणि खाली एक दशक वाढवायचा. दोन्हीकडे सारखीच भर, त्यामुळे फरक तोच. रीत शंभर टक्के बरोबर. वर्गात मात्र आता वरच्या ५ चे ४ करतात. मूल शाळेत शिकल्याप्रमाणे ५ चे ४ करतं, घरी शिकल्याप्रमाणे २ चे ३ करतं, आणि ४ – ३ = १. उत्तर १६. दोन बरोबर रीती मिळून एक चूक.

पाटीपेन्सिल
जुन्या रीतीची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. तिच्यात वरच्या आकड्यांची खाडाखोड होत नाही, वही स्वच्छ राहते, आणि ४०० – १७८ सारख्या उदाहरणात शून्यावरून शून्याकडे उसनवारी मागत हिंडावं लागत नाही. १० मधून ८, २, हातचा. ७ आणि १, ८, १० मधून ८, २, हातचा. १ आणि १, २. ४ मधून २, २. उत्तर २२२, एका दमात. नवीन रीतीत शतक सोडा, दशक करा, त्यातला एक परत सोडा... मूल तिथेच दमतं.

खडूफळा
वेगाचं मान्य. पण 'खाली एक का वाढवायचा?' याचं उत्तर तिसरीतल्या मुलाला काड्यांनी दाखवता येत नाही. दाखवायचं झालं तर दोन ढीग घ्यावे लागतात आणि दोन्हींत दहा-दहा घालावे लागतात. 'फरक तोच राहतो' ही कल्पना वयाच्या मानाने जड. गठ्ठा सोडणं हाताला कळतं. चौथी-पाचवीत जुनी रीत जरूर दाखवा, मुलांना जादूसारखी वाटते. पण ज्या आठवड्यात शाळेत पहिली रीत चालू आहे त्या आठवड्यात घरी दुसरी नको, एवढंच.

मांडणीचंही सांगतो. मोठ्या चौकटींची वही, एका चौकटीत एकच आकडा, उदाहरणाच्या वर एक ओळ मोकळी. ३ च्या डोक्यावर बारीक १ लिहू नका, मूल ते १३ वाचतच नाही. ३ खोडून वर पूर्ण १३ लिहायला सांगा.

तिसरी_ब
हे फारच उपयोगी. म्हणजे निरोप आला की आधी विचारायचं, 'काड्यांवर आहात, चित्रांवर की आकड्यांवर?' बरोबर?

आकडेमोड
हो. आणि त्याआधी आणखी एक तपासा. वजाबाकी चुकतेय की मुळात संख्याच चुकीची लिहिली जातेय? मराठीत हा प्रश्न मोठा आहे, कारण आपण एकक आधी बोलतो. 'त्रेपन्न' ऐकल्यावर कानावर आधी तीन येतात, मग पन्नास. मूल ऐकेल तसं डावीकडून लिहितं: ३५. काही मुलं आधी ३ लिहून मग त्याच्या *डावीकडे* ५ घालतात. उत्तर बरोबर दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लिहिताना हात पाहा, नुसता कागद पाहू नका.

दुसरा घोळ एकोणांचा. 'एकोणचाळीस'मध्ये चाळीस ऐकू येतं म्हणून ४९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा, आणि नेमक्या ९९ ला नियम मोडून 'नव्व्याण्णव'. तिसरा घोळ आवाजाचा: पंचावन्न–पंच्याण्णव, बावन्न–ब्याण्णव, सदुसष्ट–सत्याहत्तर, त्रेसष्ट–त्र्याहत्तर.

उपाय: दशकांची लांब कार्डं (१०, २०, ... ९०) आणि एककांची निम्म्या लांबीची (१ ते ९). ५० वर ३ असं ठेवायचं की शून्य झाकलं जाऊन ५३ दिसेल. बोलायचं 'पन्नास आणि तीन, त्रेपन्न'. रोज दहा संख्या सांगून कार्डांनी करून घ्या, त्यातल्या तीन एकोणांच्या.

सह्यकडा
म्हणजे तुम्ही 'वीस एक'वाले!

आकडेमोड
'पन्नास तीन'चा *पूल* म्हणून उपयोग करणारा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, दोन्ही रूपं दिली होती, हे चर्चेत बुडालं. कानडीत 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस-एक, तेलुगूत 'इरवै ओकटि' तसंच. तिथल्या मुलांना बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच मिळतो. आपल्या मुलांना तो उलटा मिळतो, मग दोन आठवडे पूल बांधला तर बिघडलं कुठे?

मागचा_बाक
मग आता दोघांचं पटत नसेल तर 'तीस सहाचा आकडा' म्हणायचं का?

पाटीपेन्सिल
आणि आकाशात वीस सात नक्षत्रं.

आकडेमोड
छत्तीसच्या आकड्यात ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, हे देवनागरी आकड्यांमुळे जमतं. तीस सहा म्हटलं तरी पाठ फिरवलेलीच राहील, काळजी नसावी. उलट याचा वर्गात उपयोग होतो. ज्या मुलांचे ३ आणि ६ उलटसुलट होतात त्यांना 'पाठीला पाठ' करून ३६ लिहायला दिलं की दोन्ही आकड्यांची तोंडं कुठे ते लक्षात राहतं.

रविवारची_शाळा
भारताबाहेरच्या मराठी शाळांमध्ये हा प्रश्न दुप्पट होतो. आठवड्याचे पाच दिवस 'फिफ्टी-थ्री', रविवारी 'त्रेपन्न'. तिथे 'पन्नास तीन'चा पूल लागतोच. पण एक चूक टाळा: १ ते १०० ओळीने पाठ करून घेऊ नका. ओळीने शंभरपर्यंत म्हणणाऱ्या मुलाला मधूनच ६७ दाखवला की ते मनात साठपासून मोजत येतं. एका रविवारी एकच दशक घ्या, आणि संख्या विस्कटून विचारा.

रफार
गणिताचं पुरे, मराठीकडे या. निरोपात 'जोडाक्षरे (र)' लिहिलंय. हा एका आठवड्याचा माल नाही! र जोडण्याच्या आपल्याकडे चार तऱ्हा:

१. र आधी, म्हणजे रफार: सूर्य, गर्दी, दर्जा.
२. र नंतर, दंडाच्या (उभी रेघ असलेल्या) अक्षराला तिरकी रेघ: प्रकाश, चक्र, ग्रह.
३. र नंतर, ट-ड सारख्या बिनदंडाच्या अक्षराखाली: ट्रक, ड्रम, राष्ट्र.
४. चंद्रकोरीसारखा ऱ: दुसऱ्या, पायऱ्या, तऱ्हा.

आठवड्याला एक, म्हणजे चार आठवडे. पहिल्याच आठवड्यात चारही दिले की मूल 'सुर्य' आणि 'सुऱ्य' यांच्यात अडकतं. रफारात नेहमी होणारी चूक म्हणजे तो एक अक्षर आधी काढणं. उच्चार आधी होतो म्हणून मूल 'गर्दी'तला रफार ग वर देतं. तोडून म्हणून घ्या: गर्–दी. र् ज्याला टेकतो त्या अक्षराच्या डोक्यावर रफार. 'दी'ला टेकला, दीवर द्या.

चौथी तऱ्हा अर्थानेच शिकवावी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. पहिल्यात र च्या आधीच्या द वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. जोरात म्हणून पाहा.

मागचा_बाक
आचार्यांना भोजन दिलं आणि आचाऱ्यांना भोजन दिलं, यात जेवणावळीचा फरक आहे.

रफार
अगदी! हे वाक्य वर्गात एकदा सांगितलं की वर्षभर पुरतं.

र च्या आधी काय व्हायला हवं तेही सांगून ठेवते. सर्वांत सोपी द्वित्तं (तेच अक्षर दोनदा): पक्का, गप्पा, अण्णा. मग दंड काढून होणारी: पुस्तक, तुम्ही, ख्याती. मग बिनदंडाची: खड्डा, लठ्ठ, सुट्टी. मग र. क्ष, ज्ञ, श्र, द्य, द्व शेवटी, कारण त्यांत मूळ अक्षरं ओळखू येत नाहीत. द्य आणि ध्य ची गल्लत तर मोठ्यांचीही होते ('उद्या' लिहून पाहा).

श्रुतलेखन दहा शब्दांचं: सहा या आठवड्यातले, दोन मागच्या आठवड्यातले, आणि दोन न शिकवलेले पण त्याच नियमाचे. हे शेवटचे दोन बरोबर आले तर समजायचं नियम कळला. बाकीचे आठ पाठही असू शकतात.

पाटीपेन्सिल
अवांतर: घरी अक्षर गिरवून घेताना ल आणि श कोणता? दोन-दोन तऱ्हा दिसतात.

रफार
२००९ च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. जाहिरातींत आणि संगणकाच्या काही टंकांत दुसऱ्या तऱ्हा दिसतात, त्या *वाचता* याव्यात. गिरवायला एकच ठेवा.

तिसरी_ब
वाचनाचा वेग किती असावा असं काही ठरलेलं आहे का? पायाभूत वाचन-गणितासाठीच्या सरकारी 'निपुण' अभियानाच्या तक्त्यात मिनिटाला अमुक शब्द असं असतं.

खडूफळा
आहे. निपुण भारत जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, अर्थासह. गणितात दुसरीअखेर ९९९ पर्यंत संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत संख्या. ही *वर्षाच्या शेवटची* पातळी आहे. जुलैत घड्याळ लावून मुलाला ४० आले म्हणून घाबरू नका.

शिवाय मराठीत शब्द मोजणं फसवं. 'घरासमोरच्या झाडाखालून' हे दोन शब्द झाले. हिंदीत तेच 'घर के सामने के पेड़ के नीचे से', आठ शब्द. म्हणून उतारा निवडताना लांब प्रत्ययांचे शब्द किती आहेत ते पाहा, आणि दर वेळी साधारण तसाच उतारा घ्या. मिनिट झालं की थांबवा, चुकलेले शब्द वजा करा, मग दोन प्रश्न विचारा: एक उत्तर उताऱ्यात सरळ सापडणारं, एक विचार करून द्यायचं. दुसऱ्याचं उत्तर येत नसेल तर वेग वाढवण्याचा सराव थांबवा.

वऱ्हाडचा_पाऊस
पुण्यातल्या मावसभावाचं कुठवर आलं ते पाहून घाबरणाऱ्यांसाठी: विदर्भात उन्हापायी शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. जुलैतला 'तिसरा आठवडा' दोन्हीकडे सारखा नसतो. तुलना करायचीच तर धड्याशी करा, तारखेशी नको.

दोनशिक्षकी
आणि शाळेशीही करू नका. दोन शिक्षकांच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत असते. ४० मिनिटांच्या तासिकेत तिसरीला प्रत्यक्ष शिकवायला १५ ते १८ मिनिटं. बाकी वेळ मुलं गटात काम करतात आणि गुरुजी चौथीकडे. तिथे आठवड्याचं नियोजन उलटं करावं लागतं: ज्या दिवशी तिसरीला नवीन पायरी, त्या दिवशी चौथीला सराव. दोन्ही वर्गांना एकाच दिवशी नवीन दिलं की दोन्हीकडे गोंधळ. वजाबाकीचा सोमवार तिसरीला दिलात तर चौथीला त्या दिवशी वाचन किंवा नकाशा रंगवणं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास किमान सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. परिपाठ, जेवण, हजेरी त्यातून सोडवा, मग दोन वर्गांत वाटा. 'वजाबाकी अजून संपली नाही का?' असं विचारण्याआधी हा भागाकार करा. :-)

सह्यकडा
हाच मुद्दा मला वर मांडायचा होता, तुम्ही आकड्यांसह मांडलात.

आभाळमाया
पाऊस राहिला. निरोपात 'परिसर अभ्यास: पाऊस' असेल आणि घरी फक्त कविता पाठ होत असेल तर संधी गेली. पर्जन्यमापक करा: दोन लिटरची, शक्यतो सरळ बाजूंची बाटली. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, तिथेच बहुतेकांचं मोजमाप चुकतं. तळाशी खडे घालून बाजू सरळ सुरू होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे ० ची खूण करा. त्यावर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा. खडे वाऱ्याने पडू न देण्याचं कामही करतात.

झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवू नका. रोज एकाच वेळी मोजा. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, शाळा भरण्याआधी घरी तीच जमते. मोजलं की पाणी परत शून्याच्या खुणेपर्यंत आणा. रविवारी राहिलं तर सोमवारी दोन दिवसांचं मिळून लिहा, अंदाजाने वाटून घालू नका.

चौकटीच्या वहीत स्तंभ काढा, एक चौकट म्हणजे ५ मिमी. आठवड्याशेवटी विचारा: 'मंगळवारी बुधवारपेक्षा किती जास्त?' झाली की वजाबाकी.

दशक_सुट्टे
आणि तीही तुलनेची! हा प्रकार शाब्दिक उदाहरणांत सर्वांत जास्त चुकतो. 'खाल्ले, उरले किती' सगळ्यांना येतं. पण 'रमाकडे ५३ गोट्या आहेत. त्या सलमाच्या गोट्यांपेक्षा २७ ने जास्त आहेत. सलमाकडे किती?' इथे 'जास्त' दिसलं की मूल बेरीज करून ८० लिहितं. शब्द पाहून क्रिया ठरवायला शिकवू नका. आधी 'कोणाकडे कमी?' एवढंच विचारा.

मागचा_बाक
पाढे कोणी विचारलेच नाहीत. ६ आणि ७ एकाच आठवड्यात?

पाटीपेन्सिल
म्हणण्यापुरते होतात, येत नाहीत. 'सात सक बेचाळीस' चालीत येतं, पण मधूनच 'सात सक?' विचारलं की गाडी सात एके सातवरून निघते. सहापर्यंतचे पाढे आले असतील तर सातचा निम्म्याहून जास्त आधीच आलेला असतो (सहा साती बेचाळीस तेच सात सक). नवीन उरतात साती साती, सात आठी, सात नव्वे. तेवढीच तीन रोज उलटसुलट विचारा. आपल्या पूर्वजांनी औटकीसुद्धा पाठ केली, साडेतीनाचा पाढा! तेव्हा तक्रार नको.

खडूफळा
धागाकर्त्या ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दोष पालकांचा नाही, निरोपाचा आहे. शिक्षकांच्या टाचणात पायरी लिहिलेली असतेच, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदींसाठी तोंडी काम, कृती, स्वाध्याय असं साधनही ठरलेलं असतं. निरोपात फक्त घटकाचं नाव उतरतं. इथल्या शिक्षकांनी पुढच्या सोमवारी असा पाठवून पाहावा:

"गणित: दशक सोडून वजाबाकी, काड्यांवरून चित्रांपर्यंत. घरी: दहापैकी कुठे दशक सोडावा लागेल ते ओळखणे, ५ मिनिटे. वरच्या संख्येतलाच दशक कमी करायचा. खालच्यात हातचा मिळवू नये. नमुना: ५२ – २७.
मराठी: फक्त रफार (गर्दी, सूर्य). चंद्रकोरीचा ऱ नंतर.
पाढा: ७, त्यातली तीनच: ७×७, ७×८, ७×९.
पाऊस: सकाळी एकदा मोजून मिमी लिहिणे.
गुरुवारी वर्गात तपासू."

तिसरी_ब
असा निरोप आला तर 'सराव घ्यावा' लिहायचीही गरज नाही. वर्गशिक्षिकांना हा नमुना दाखवते. पाच-सहा ओळी वाढतील, एवढंच.

दशक_सुट्टे
खडूफळा सर, नमुन्यात ५२ – २७ घातलंत. :-)

खडूफळा
सवय! ५३ – २७ वाचावे.